पिल्लांचं खाद्य

कोंबडीखाद्याच्या दुकानात रांगेत उभ्या शिवणवाल्या मावशींच्या कानावर पुढच्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

"एकही पिल्लू बाहेर आलं नाही, ताई?"

"आतून कवचाला टोच सगळ्यांनी मारली होती. मी गुपचूप एक अंडं फोडून बघितलं, तर आतला पापुद्रा सुकून मेलेल्या पिल्लाच्या अंगाला चिकटलेला."

"उबवणीच्या मशीनमध्ये पाणी नव्हतं?"

"पाणी होतं रे. पण बाबा सारखं झाकण उघडायचे, मग ओल टिकणार कशी?"

"बजावलं नव्हतंस?"

"बजावलं. म्हणाले, आतून चिवचिव आली की ओ द्यायला नको? दिवसभर घरात दुसरं कोण हाक मारतं त्यांना."

"आणि आता?"

"आता झाकणाला हात लावत नाहीत. बाहेरूनच ओ देत बसतात."

"म्हणजे तू अजून सांगितलं नाहीस?"

रांग सरकली. दुकानदाराने काय देऊ म्हणून विचारलं.

"पिल्लांचं खाद्य," ताई म्हणाली. "लहान पिशवी द्या."