धुऊन आलेले डबे

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि इथल्या बहुतेक मुलांना जन्मापासून ओळखणाऱ्या डॉक्टरीणबाई, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते आपल्या स्वयंपाकघराचे सचिव साहेब, नव्या कारखान्याकडून आलेले पाहुणे, कार्यकारिणीचे सभासद, भाज्या चिरणाऱ्या, डबे भरणाऱ्या आणि ते घरोघर पोचवणाऱ्या बंधू-भगिनींनो, आणि मागच्या रांगांत आईवडिलांच्या मांडीवर चुळबुळ करणाऱ्या बालमित्रांनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

हा माइक जरा खाली करता का? आधीचे वक्ते उंच होते. हां, आता ठीक आहे.

मला भाषणाची सवय नाही. नोकरीभर मी दुकानांतले वजनकाटे तपासले. त्या कामात बोलायचं नसतं. काट्यावर वजन ठेवायचं, आकडा बघायचा, शिक्का मारायचा किंवा नाही मारायचा. घरात बोलायचं खातं माझ्या पत्नीकडे होतं. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हापासून ते खातं बंद आहे.

तुमच्यातले बरेच जण तिला गाजरमावशी म्हणूनच ओळखतात. ते नाव कसं पडलं, ठाऊक आहे का? एकदा ती एका घरी, मूल नीट जेवतं का याच्या चौकशीला गेली. आतून लहान मुलाचा आवाज आला, "आई, ती गाजरवाली मावशी आलीय, मी झोपलोय म्हणून सांग!" घरी येऊन तिने मला हे रागारागाने सांगितलं. आठवडाभराने फोनवर स्वतःच म्हणताना ऐकलं, "मी गाजरमावशी बोलतेय, झोपलेला उठला का?"

तर, आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्यासाठी दोन कामं आहेत. सचिव साहेबांना निरोपाचे दोन शब्द, आणि नंतर टेबलावर झाकून ठेवलेल्या या वस्तूचं अनावरण. झाकलेलं काय आहे हे गुपित नाही, बाहेर फलकच लागलाय. नव्या कारखान्याचं पाकीट आहे. आत पूड. गरम पाणी घाला, ढवळा, मुलाला भरवा. पाकिटावर माझ्या पत्नीचा हसरा फोटो आणि वर नाव, 'गाजरमावशीचा घास'. आपलं स्वयंपाकघर या महिन्याअखेरीस बंद होतंय आणि साहेब त्या कारखान्यात मोठ्या पदावर जात आहेत. मी कापड ओढलं, की फोटोला आणि नावाला माझी संमती आहे असं धरलं जाईल. मघाशी चहाच्या वेळी साहेब मला म्हणाले, "काका, तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल. नुसतं कापड ओढा."

आधी बोलतो. कापडाचं मग बघू.

साहेबांबद्दल खरं तेच सांगतो. हे काम आमच्या घरच्या ओट्यावर सुरू झालं. माझी पत्नी शाळेत विज्ञान शिकवायची. शेजारच्या तीन घरांतले आईवडील दोघेही नोकरीला जायचे आणि मुलं बिस्किटांवर वाढत होती. तिच्याने बघवेना. तिने त्यांच्यासाठी मसूर शिजवले, भोपळा शिजवला, कोंड्यासकट कणकेचा पाव भाजला. तिसऱ्या महिन्यात आमच्या घरात मला बसायला जागा उरली नाही. तेव्हा साहेब धावून आले. त्यांनी जागा मिळवली, मोठ्या शेगड्या मिळवल्या, गाड्या मिळवल्या. ते नसते तर ती तीन घरांपुढे गेली नसती. त्या वेळी ते तिला ताई म्हणायचे आणि डब्यांची झाकणं स्वतः लावायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याबद्दल त्यांचे आभार, आणि हे आभार मनापासूनचे आहेत.

आता डब्याबद्दल. नव्या पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आमचा डबा दोन कप्प्यांचा होता. भाजी एकच, पण लहान कप्प्यात बिनतिखटाची, मोठ्यात आईवडिलांसाठी मीठ-तिखट घालून. तिचं म्हणणं होतं की घरात एकच जेवण शिजावं आणि सगळ्यांनी ते एका वेळी खावं. मुलाला वेगळं काही द्यायचं नाही. त्याची मनधरणी करायची नाही, त्याला दटावायचंही नाही. त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही, आपल्या ताटाकडे बघून जेवायचं.

आणि एक नियम होता. डबा न धुता परत करायचा.

हसू नका. म्हणजे हसा, त्या वेळी सगळेच हसले होते. दुपारी डबे परत आले की ती मोठ्या टेबलावर ते ओळीने उघडून ठेवायची आणि एकेक बघत जायची. मी निवृत्त झाल्यावर शेजारी उभा राहायचो. मला खरकटं दिसायचं. तिला दिसायचं ते असं: गाजराच्या तुकड्यावर दोन दुधाच्या दातांच्या खुणा आणि तुकडा तसाच, म्हणजे कच्चं राहिलं, उद्या वाफ जास्त. वाटाणा खाल्लेला, साल थुंकलेली, म्हणजे वाटाणा जून आहे. पालक झाकणाला आतून चिकटवलेला, म्हणजे या घरात 'ताट रिकामं कर' म्हणून दम दिला जातोय. आणि मोठा कप्पा भरलेला असला, की तिचा फोन जायचा.

"काल तुम्ही जेवला नाहीत."

"अहो मावशी, मी ऑफिसातून येताना बाहेरूनच काहीतरी..."

"त्याच्या देखत खाल्लंत?"

"हो, म्हणजे, थोडंसं."

"मग तो कशाला भोपळा खाईल? तो काय खुळा आहे?"

ते वडील आज सभागृहात बसलेत. हो, तुम्हीच. हात वर करायची गरज नाही.

ती चुकायचीही. बिटापायी तिने फार हट्ट केला. किसून, वाटून, पावात लपवून, सगळे प्रकार झाले, आणि डबे लालभडक परत येत राहिले. एके दिवशी टेबलावर हात टेकून म्हणाली, "हरले. बीट बंद." तीन वर्षांच्या मुलांपुढे हार मानायला तिला कधी कमीपणा वाटला नाही.

मग तक्रारी आल्या. डब्यांना वास येतो, गाडीत मुंग्या होतात. एक बाई म्हणाल्या, "आमचं उष्टं तुम्ही का बघायचं?" तक्रारीत तथ्य होतं. कार्यकारिणीची बैठक झाली. पत्नी म्हणाली, आठवड्यातून दोन दिवस तरी डबे न धुता येऊ द्या. साहेब हसून म्हणाले, "ताई, उष्ट्यात नाक खुपसायचं तुमचं वय राहिलं का आता?" सगळे हसले. डॉक्टरीणबाई, आपण नव्हता हसलात, ते माझ्या लक्षात आहे. पण आपण हात वर केलात तो ठरावाच्याच बाजूने. ठराव झाला, फलक लागला, 'स्वच्छ डबा, सुखी घर'.

दुसऱ्या दिवसापासून डबे चकचकीत यायला लागले. ती सवयीने टेबलाशी गेली, दोन-चार उघडले आणि बंद केले. मला म्हणाली, "आता मी काय वाचू?"

मुलं जेवतात का, हे समजावं म्हणून साहेबांनी घरोघर फोन लावायची सोय केली. जेवण कसं होतं? छान. मुलाने खाल्लं का? हो हो, छान खाल्लं. आता मला सांगा, ऑफिसातून धापा टाकत घरी आलेली आई फोनवर दुसरं काय सांगणार? मी सबंध नोकरीत असा एक दुकानदार पाहिला नाही, जो विचारल्यावर म्हणाला की माझा काटा खोटा आहे. म्हणून तर आम्ही विचारत नव्हतो. वजन ठेवून बघत होतो.

फोनवर कोणीतरी म्हणालं, थोडं गोड असेल तर पटकन खातो. मोठा कप्पा तसाच राहतो, तो कशाला? मोठा कप्पा गेला. कोंड्याचा पाव जाऊन मऊ पांढरा आला. हे सगळं झालं तोवर माझी पत्नी अंथरुणाला खिळली होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते इस्पितळात.

तिला चावायला जड जायचं, म्हणून साहेबांनी आपुलकीने रोज आपल्याच स्वयंपाकघराचा मुलांचा डबा तिला पाठवायची व्यवस्था केली. पहिल्या दिवशी तिने गाजराचा एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"यात साखर आहे."

मी म्हटलं, "गाजरच गोड असेल."

"गाजराची गोडी मला शिकवू नका."

तिने मसूर खाल्ले. गाजर एका बाजूला सारलं, चमच्याने सपाट केलं, पावाचा मधला भाग पोखरून कडा ठेवली. अगदी मन लावून करत होती. मग म्हणाली, "झाकण लावा. धुवू नका. त्यांना कळेल."

मी म्हटलं, साहेबांना फोन करतो. तर म्हणाली, "फोनवर सगळे छान म्हणतात. डबा जाऊ दे."

डबा गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच गोड गाजर आलं. तिने जास्त ठेवलं. पुन्हा तेच आलं. मग तिने घासही न घेता सबंध डबा परत पाठवला, आणि पुढच्या दिवशी पुन्हा तेच गाजर. तेव्हा तिने डबा आणणाऱ्या ड्रायव्हरदादाला खाटेपाशी बोलावलं.

"काय रे, माझा डबा कोणी उघडून बघतं का?"

तो बिचारा टोपी हातात घेऊन उभा. "मावशी, तुमच्यापुढे खोटं कसं बोलू? न धुतलेला डबा आता आत घेतच नाहीत. मी दारातल्या नळावरच रिकामा करतो. धुतो, मग आत देतो."

"बरं," ती म्हणाली. "तुझा काही दोष नाही. जा, उशीर होईल तुला."

त्यानंतर तिने डबा उघडला नाही. ती साखरेने गेली असं मी म्हणत नाही, डॉक्टरीणबाई. तिचा आजार वेगळा होता आणि तो तिला नेणारच होता. पण आपण काय ठेवलं हे पाहायला पलीकडे कोणीतरी आहे, या भरवशावर ती ते दिवस डब्यातलं उष्टं मांडत बसली होती. आणि पलीकडे नळ होता.

आता कापडाबद्दल.

साहेब, डबा निदान धुऊन तरी परत येत होता. हे पाकीट परत येणारच नाही. मुलाने पहिल्या घासाला तोंड फिरवलं की आवडीने खाल्लं, आईवडील त्याच्याबरोबर जेवले की हातातल्या फोनमध्ये बघत त्याला भरवत होते, हे सांगणारं काहीच तुमच्याकडे येणार नाही. पाकीट केराच्या डब्यात जाईल आणि त्याच्यावर माझी बायको हसत असेल.

तो फोटो मी काढलेला आहे. आमच्या ओट्यापाशी. बीट बंद करून घरी आली त्या दिवशीचा. हरल्यावर ती तशी हसायची. तो मी देत नाही. नावाचं म्हणाल तर गाजरमावशी हे नाव माझं नाही आणि तुमचंही नाही, ते मुलांनी ठेवलंय. मुलांना विचारा. फोनवरून त्यांच्या आयांना विचारू नका.

मी कापड ओढणार नाही. दुसऱ्या कोणी ओढू नये अशी विनंती आहे.

साहेब, नव्या कामासाठी तुम्हाला शुभेच्छा. आमच्या ओट्यापाशी उभं राहून झाकणं लावणारा तो माणूस तुमच्याबरोबर तिकडे गेला तर बरं होईल. बोलण्यात माझ्याकडून काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. मापाच्या खात्यातला माणूस आहे, वजन जास्त पडलं असेल. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, लहान मुलांनीही, त्याबद्दल आभारी आहे.

जाता जाता एक राहिलं. इस्पितळातला शेवटचा डबा माझ्याकडेच राहून गेला होता. संस्थेची वस्तू आहे, म्हणून आज बरोबर आणलाय. हा इथे, कापडाशेजारी ठेवतो.

काळजी नको, नियमाप्रमाणे धुऊन आणलाय.