सरांची लेन

नाही नाही वेदिकाताई, तिथं नको, कडेला ओलं आहे, घसराल — इथं बाकावर बसा. इथनं तुमचे बाबा बरोबर दिसतात. तिसरी लेन, निळी टोपी, सगळ्यात पुढे. त्यांच्यामागे स्नेहल, बँकेत आहे ती, आणि शेवटी बुद्धभूषण — सिन्नरच्या एमआयडीसीत इंजिनिअर, आमच्याच शाळेचा, सानप सरांकडेच गणित शिकलेला, माझ्यासारखा. तर काय विचारत होता तुम्ही? जमेल का म्हणजे? आता रविवारी स्पर्धा, सायकल खोक्यात भरून झाली, गोव्याचं तिकीट झालं, सिन्नरच्या स्टँडवर फ्लेक्ससुद्धा लागला — अठ्ठावन्न वर्षांचे सर समुद्रात पोहणार, मग सायकल, मग धावणार — आणि तुम्ही पुण्याहून आलात ते हे विचारायला, की वाल्मीक, बाबांना जमेल ना? जमेल की. का नाही जमणार. एक मिनिट हां, आले बघा सर भिंतीला. दोन पंधरा, सर. मस्त.

दोन पंधरा म्हणजे शंभर मीटरला दोन मिनिटं पंधरा सेकंद. ह्या वयात चांगलं आहे ताई, खरंच चांगलं आहे. असे शंभर-शंभरचे दहा मारायचे, आणि दर तीन मिनिटांनी भिंत सोडायची. लवकर आलात तर आराम जास्त, उशिरा आलात तर कमी — आणि श्वास बसो न बसो, तीन मिनिटं झाली की सुटायचं. ह्यातच सगळी गोम आहे. लोक काय करतात, तासभर नुसते इकडून तिकडं फिरत राहतात, दमसास वाढतो म्हणून. अहो, म्हैसपण तासभर पाण्यात असते, ती काय शर्यत जिंकते? वेग पाहिजे असेल तर घड्याळाच्या धाकात पोहायला लागतं, घड्याळाला दया-माया नसते — थांबा जरा, सरांना सोडायचंय — बसू द्या, श्वास बसू द्या — हं. चला सर. चला स्नेहल, चला बुद्धभूषण.

भिंतीवर आहे ना मोठं घड्याळ, पण सरांचा चष्मा बाहेर, त्यांना काटा दिसत नाही. म्हणून मी सांगतो. मी म्हणेन ती वेळ. आणि सर गणिताचे, त्यामुळं मी आकडा सांगितला की त्यांचं डोक्यात चालू — शंभरला इतके तर सगळ्या अंतराला किती — आणि उत्तर आलं की चेहरा असा खुलतो, दहावीचा निकाल लागल्यावर खुलायचा तसा. पंचेचाळीस मिनिटांत पाण्याबाहेर, असा त्यांचा हिशोब आहे. मला परवा चहा पिताना म्हणाले, वाल्मीक, मी पंचेचाळीस मिनिटंवाल्यांच्या रांगेत उभा राहणार. तिथं तशा रांगा असतात — तुम्हाला किती वेळ लागेल ते तुम्हीच ठरवायचं आणि त्या पाटीखाली जाऊन उभं राहायचं. जलद ते पुढे, सावकाश ते मागे. तुमच्या शब्दावर असतं, कुणी तपासत नाही.

बुद्धभूषण? नाही, दमला नाही तो. सरांच्या पायाशी येऊन थांबतोय असं दिसतंय ना? नीट बघताय तुम्ही. आता काय सांगू. लेनचा एक नियम असतो, मागच्यानं पुढच्याला गाठलं की त्याच्या तळपायाला बोट लावायचं, आणि पुढच्यानं भिंतीशी बाजूला होऊन वाट द्यायची. जगात सगळीकडं तसंच. पण सरांच्या पायाला कोण बोट लावणार? बुद्धभूषणचं एकदा चुकून लागलं, तर हा पठ्ठ्या भिंतीशी आल्यावर सरांना हात जोडून उभा, आणि सर म्हणाले, असू दे, असू दे. त्यांना वाटलं नमस्कार केला. आम्ही हसलो खूप, पण तेव्हापासून कुणी लावलं नाही. स्नेहलसुद्धा नाही, ती तर त्यांची विद्यार्थिनीपण नाही. दोघं आपले मागं मागं, ब्रेक दाबल्यासारखे. आणि सरांना वाटतं आपण लेन ओढतोय. वाटू दे की, काय बिघडलं? माणूस उमेदीनं पोहतो त्यानं.

आले. दोन सोळा, सर. छान चाललंय, हात लांब टाका.

काय बघताय फोनमध्ये? — टायमर? तुम्ही टायमर लावला होता? कधी, ते सुटले तेव्हा? दाखवा. नाही, राहू द्या, नका दाखवू. मला माहीत आहे काय असेल ते. दोन पंचेचाळीस असेल, नाहीतर त्याच्याही वर असेल. असं बघू नका ताई माझ्याकडं.

ऐका आधी. मी काय मुद्दाम नाही केलं. पावसाळ्यात एकदा सर भिंतीला आले ते ओठ पांढरे घेऊन, आणि तीन मिनिटं होऊन गेली होती, आणि मी म्हटलं घेऊ दे दोन श्वास, काय होतं. घेऊ दिले. तर सरांनी विचारलं, वेळेत ना रे? मी म्हटलं, हो सर. एवढंच. मग दुसऱ्या दिवशी परत विचारलं. एकदा हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी नाही कसं म्हणायचं? आणि ते इतके खूश — तुम्हाला फोन करायचे ना, आकडे सांगायचे ना? मग आकडा थोडा खाली, आराम थोडा वर, असं करत करत — अहो, मी ह्यांना काय म्हणून घड्याळ दाखवू? मी गावातल्या विहिरीत उड्या मारणारं पोरगं. माझा बाप म्हणायचा पाण्यात भाकरी आहे का? सर घरी आले, ओट्यावर बसून राहिले, बाप हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. मग मी ह्या टाकीत आलो, स्पर्धा खेळलो, शिट्टी गळ्यात आली. त्या माणसाला मी सांगू, सर तुम्ही सावकाश पोहता? माझी जीभ नाही उचलली. थांबा, सरांना सोडतो — श्वास — अजून नाही — हं, चला सर.

झाली. हो, झाली तीन मिनिटं, केव्हाच झाली. वीस सेकंद वर गेले. तुम्ही मोजताय तर मला कशाला विचारता?

मला झोप येते असं वाटतं का तुम्हाला? ती रांग डोळ्यापुढनं हलत नाही. सर पंचेचाळीसच्या पाटीखाली उभे, आणि त्यांच्यामागं शेकडो लोक, खरोखरचे जलद. समुद्रात लेन नसते, दोरी नसते, भिंत नसते. मागून येणारा थांबत नाही, पायाला बोटही लावत नाही, सरळ अंगावरून जातो — गुडघा, कोपर, जे लागेल ते. एकदा तोंडात पाणी गेलं आणि माणूस बावचळला की संपलं. आणि समुद्रात कुणी त्यांचा विद्यार्थी नाही. भीती वाटते हो मला. रोज म्हणतो आज सांगतो, उद्या सांगतो, आणि आता रविवार तोंडावर आला. बरं झालं तुम्ही आलात. तुम्हीच सांगा ना. मुलगी आहात, तुमचं ऐकतील. गाडीत सांगा, घरी जाऊन सांगा, मी नंतर —

आत्ता? इथं? ह्या दोघांसमोर?

तुम्ही सांगितलं तर ते तुमची काळजी समजतील, हे खरं. आकडा माझ्याच तोंडून यायला पाहिजे, हेही खरं. पटतंय मला, पटत नाही असं नाही. पण जमत नाही. नका उठू. तुम्ही नका जाऊ तिकडं, बसा. करतो. मी करतो.

सर, दोन सत्तेचाळीस.

हो सर, बरोबर ऐकलंत. दोन सत्तेचाळीस. आणि आता — तीन मिनिटं झाली सर, सुटायचं. हो, लगेच. चला. स्नेहल, ऐक, सरांच्या पायापाशी आलीस की बोट लावायचं. लावायचं म्हणजे लावायचं, माझ्याकडं बघू नकोस, मी सांगतोय. बुद्धभूषण, तूही.

गेले. बघा ताई, अर्ध्यातच गाठलं तिनं. लावत नाही ती, लावत नाही — लाव ना ग — लावलं. सर थांबले. दोरीला धरलंय. वाट दिली त्यांनी. बुद्धभूषणही गेला बाजूनं. हात नाही जोडले गाढवानं, बरं झालं. बसा तुम्ही, बसा, त्यांना काही होत नाही, पाय टेकतात तिथं. चष्मा नाही ना, म्हणून डोळे बारीक केलेत. मलाच शोधतायत.

येताहेत. शेवटी येताहेत, त्या दोघांच्या मागं.

हो सर. आलो. — नाही सर, खोटा आकडा आजचाच नाही. — पावसाळ्यापासून. — सगळेच म्हणजे, जवळजवळ सगळेच. — भीती वाटली सर. नाही, तुमची नाही. म्हणजे तुमचीच.

ऐकलंत ताई, काय म्हणाले? हळू बोलले, तुम्हाला नसेल ऐकू गेलं. म्हणाले, मी तुला कधी एक मार्क वाढवून दिला होता का रे? एवढंच म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आता ओठ हलतायत बघा त्यांचे, हिशोब करतायत, नव्यानं. ह्या वेगानं पंचावन्न मिनिटं, पण समुद्रात लाटा, भिंतीशी दम खाता येत नाही, ते धरून सव्वा तास म्हणाले. सत्तर मिनिटं झाली की तिथं पाण्यातून बाहेर काढतात हो, संपतं सगळं. त्यांना माहीत आहे. त्यांना सगळं माहीत आहे.

कुठं चाललेत? बाहेर येतायत का? नाही. स्नेहलला पुढं हो म्हणतायत. बुद्धभूषणला पुढं हो म्हणतायत. तो ऐकत नाही तर त्याचा दंड धरून पुढं केलं. स्वतः शेवटी उभे राहिले, मागच्या दोरीला टेकून. बोट वर केलं माझ्याकडं. हो सर. ह्या वेळी बरोबर सोडतो सर.

ताई, तुम्ही जरा बाहेर थांबता का? मला घड्याळाकडं बघायचंय.