मधल्या दारातला माणूस

टेमघरच्या नाक्यावर एसटी येईना. लेकाच्या लग्नाच्या पत्रिका पिशवीत घेऊन सीताबाई उभ्या होत्या. घर दोन खोल्यांचं आणि पाव्हणे दोन गावांचे, या काळजीत त्या असताना पुढच्या दोन पोरांचं बोलणं कानावर आलं.

"काय रं प्रितेश, डोळे सुजलेत! हळदीची अजून उतरली न्हाय?"

"हळदीला नाचलो, काल लग्नात जेवलो, घरी येऊन पंखा लावून आडवा झालो. तर कुमार दारात!"

"नवरदेव?"

"बाशिंगासकट. म्हणे, घरात पाव्हण्यांनी पाय टाकायला जागा ठेवली न्हाय. पडला माझ्या पलंगावर पसरून."

"आणि नवरी?"

"ती त्याला न्यायला आली. पंखा बघितला, ती पण तिथंच राहिली."

"च्यायला! मज्जा हाय कुमारची."

"कसली मज्जा? सत्यनारायण झाल्याशिवाय आमची आई नवरानवरीला एकत्र सोडतेय व्हय? नवरीला आत आपल्याजवळ घेतली आणि मला म्हणाली, तू मधल्या दारात आडवा पड."

"मग झोपायचंस की."

"झोपतो कसला! कुमार सारखा पाणी प्यायला आत निघाला."

"तहान लागली असंल."

"तांब्या त्याच्या उशाशी होता!"

एसटी आली. सीताबाईंनी पिशवीतून एक पत्रिका काढून प्रितेशच्या हातात कोंबली.

"माझ्या लेकाचं लगीन हाय, पोरा. आईला म्हणावं, पलंग झाडून ठेव. आणि तू लग्नाला न्हाय आलास तरी चालंल, दारात मात्र पायजेस."