ओघात मयत

हसू नका हं, पण मागच्या महिन्यात ठाण्यात कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने मला चक्क मारून टाकलं.

आजोबांच्या घराला माझं नाव लावायचं होतं, त्याला वंशावळ लागते. मग काय, कल्याणच्या शाळेतून बाबांचा दाखला, पालिकेतून आजी-आजोबांच्या मृत्यूच्या नोंदी, असं एकेक गोळा करत मी पणजोबांपर्यंत पोचलेले. आई गेल्यापासून घरात एवढी माणसं पहिल्यांदाच जमली होती, कागदावर का होईना.

टायपिस्टने सगळं टाईप करून माझ्यापुढे ठेवलं. बघते तर काय, पणजोबा मयत, आजोबा मयत, काका मयत, आई-बाबा मयत आणि सगळ्यात खाली मीपण मयत!

"अहो दादा, ही मी आहे. तुमच्यासमोर बसलेय."

"सॉरी ताई, ओघात झालं. वरपासून सगळे मयतच येत होते ना." त्याने लगेच माझ्यापुढचं मयत काढलं. "आता फक्त रक्ताचा एक नातेवाईक सहीला घेऊन या. हयात पाहिजे."

"मी आहे की हयात!"

"तुमची सही नाही चालणार, तुम्ही अर्जदार. दुसरं कोण आहे?"

मी त्या कागदावरून वरपासून खालपर्यंत परत एकदा बोट फिरवलं.

"दादा," म्हटलं, "ते मयत परत टाका. निदान घरच्यांत तरी राहीन."