आधी नाव घे!

आईशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एक गोष्ट सोडून.

करोनाच्या वर्षी मी नि माझी बायको स्मिता ऑस्ट्रेलियात, वेरिबीत राहायचो. शेजारी अल्माझ, मूळची इथिओपियाची. तिथे आलेल्या आफ्रिकी कुटुंबांवर ती टीव्ही मालिका काढायची. एका मालिकेचा शेवटचा प्रसंग अडकला होता. जेवताना आई मुलाला हाताने घास भरवते, ही त्यांच्याकडची मायेची रीत. पण दोन घरांतल्या माणसांनी जवळ यायचं नाही असा नियम, आणि आई नि मुलगा झालेले नट वेगवेगळ्या घरचे! चॅनेलला तर भाग त्याच दिवशी हवा होता.

अल्माझ कुंपणावरून अस्सल ऑस्ट्रेलियन थाटात म्हणाली, "मेट, तू आणि स्मिता तर एकाच घरातले. जेवायला आलेले शेजारी म्हणून बसा. स्मिता तुला घास भरवेल, आई-मुलगा लांबून बघून हसतील."

"नो वरीज," मी म्हटलं, "ॲक्टिंग माझ्या रक्तात आहे."

कॅमेरा चालू झाला. स्मिताने इंजेराचा, म्हणजे त्यांच्या आंबोळीचा, घास उचलला. मी तोंड उघडलं. तिने सवयीने हात मागे घेतला. "अरे, आधी नाव घे!"

मी तिथल्या तिथे असा झक्कास उखाणा ठोकला, की अल्माझ कट म्हणायचंच विसरली. तिने तोच शेवट ठेवला.

सगळं खरं आहे हो. फक्त उखाणा खोटा. मला एकही आठवला नाही. मालिका संपते ती माझ्या उघड्या तोंडावर.