गिरणीपुढचा ट्रक

हॅलो?… हॅलो… हो, पोलादपूर पोस्ट. मी सुनीतीच बोलतेय… वाईहून ना? द्या, जोडून द्या… हॅलो, ताई?

आप्पा बरे आहेत. आधी हे ऐक. आप्पा बरे आहेत.

हो… हो गं, आहेत. असं काय विचारतेस?… कोण म्हणालं?… एसटीतून उतरले ते? हं, बरोबर. महाबळेश्वरची गाडी तेव्हाच सुटत होती. त्यांनी खिडकीतून पाहिलं, आप्पा रस्त्यात आडवे, अंगभर पांढरे, आणि शेजारी ट्रक. पुढचं बघायला गाडी थांबली नाही. त्यांचं तरी काय चुकलं… ताई, रडू नकोस ना. मी बोलतेय ते ऐकू येतंय का तुला?

नाही, काही लपवत नाही. तुझ्या गळ्याची शपथ. ते येतायत मागून. पोस्टाचा शिपाई मला बोलवायला आला तेव्हा म्हणाले, मीही येतो, तू हो पुढे. गुडघा खरचटलाय, म्हणून हळू चालतात… तेवढंच. हो, फक्त गुडघा.

पांढरे? पिठाने गं. तांदूळ दळून आणायला गेले होते सकाळी. पिशवी फुटली अंगावर.

सांगते… सांगते, जरा दम धर. गोमाजीची गिरणी माहितीये ना, आंबेनळीच्या फाट्याला लागून? तिथे हल्ली रोज हेच चाललंय. मुंबईकडून मोठाले ट्रक येतात, घाटाचा फाटा चुकून पुढे जातात. मग वळायला जागा नाही, म्हणून भर रस्त्यातून तसेच मागे मागे येतात. क्लीनर मागे उभा राहून दाखवत असला तर ठीक. याचा क्लीनर तापाने फणफणला, त्याला महाडला ठेवून हा एकटाच निघाला.

ड्रायव्हर. सहदेव नाव त्याचं… छे, दारू कसली? साधा माणूस आहे. सिमेंटची पोती भरलेली, पार वरपर्यंत. आरशात बघितलं म्हणतो, पण गाडीच्या अगदी मागे कोण आहे ते आरशात दिसतच नाही म्हणे.

आणि आप्पा तिथेच. पीठ घेऊन रस्त्यावर आले आणि चपलेचा अंगठा तुटला म्हणून वाकले. ट्रककडे पाठ… अगं, गिरणी चालू होती ना. त्या इंजिनाच्या धडधडीत दुसरं काय ऐकू येणार? लोक ओरडत होते. आप्पांनाही ऐकू गेलं नाही आणि सहदेवलाही नाही.

गोदूबाईने ओढलं त्यांना… तू नाही ओळखत. वरच्या वाडीतली आहे, नाचणी दळायला आली होती. पायरीवर बसली होती, ती उठली ती धावलीच. आप्पांचा कोट मागून धरला आणि ओढलं. दोघंही पडले. आप्पा कडेला पडले. तिचा पाय मात्र चाकाशी राहिला…

हो… अगं ऐक ना, पुढचं ऐक. गोमाजीने इंजिनाचा पट्टा पाडला. गिरणी एकदम बंद. आणि त्या शांततेत माणसांचा आरडाओरडा सहदेवच्या कानावर गेला. त्याने ब्रेक दाबला. चाक तिच्या बोटांवर येऊन थांबलं, ताई. त्याच्या पुढे गेलं नाही, पाय ओढून काढता आला.

मी? मी शाळेत होते. कुणीतरी वर्गाच्या दारात येऊन म्हणालं, "बाई, तुमचे वडील ट्रकखाली गेले." चपला घातल्या की नाही तेही आठवत नाही मला. तिथे पोचले तर ही गर्दी. मला बघितल्यावर सगळे बाजूला झाले. ते ज्या तऱ्हेने बाजूला झाले ना, मला वाटलं, संपलं.

… आणि आत बघते तर आप्पा बसलेत. डोक्यापासून पीठ. गोदूबाईचा पाय मांडीवर घेतलाय आणि उपरणं फाडून बांधतायत. मला म्हणाले, "सुनीती, पाणी आण." मी कसलं पाणी आणते. तिथेच धुळीत बसले… हो, रडले. खूप रडले.

दोन बोटं मोडलीत तिची. पाय वाचला, डॉक्टर म्हणाले… इथेच आहे दवाखान्यात. मी तिला विचारलं, एवढं धाडस कसं झालं तुमचं? तर म्हणते, "हाताला कोट गावला म्हनून वडला गो. सदरा असता तर फाटला असता. माझी नाचनी कुठं हाय ते बघ." दळून तिच्या घरी पोचवली मी… हो, लुगडं घेणारच आहे. तू सांगायला हवं का? पण तिच्या शेतात वाल काढायला आलेत, ती काळजी आहे तिला. आप्पा म्हणतात, आपण जाऊन काढू. त्यांनी जन्मात कधी वाल काढलेत का, तू सांग.

हं… तो सहदेव ना? तो डोकं धरून बसला रस्त्याच्या कडेला. गाडीला हात लावेना. ट्रक रस्त्यात आडवा, इकडे महाडची एसटी खोळंबली, तिकडे बैलगाड्या. कुणी कितीही सांगितलं तरी, "मी नाही चालवत, माझ्याने नाही होणार." मग आप्पा उठले… अगं हो, त्याच ट्रकमागे जाऊन उभे राहिले. कडेला, आरशात दिसतील असे. म्हणाले, "मी बघतो मागे. तू माझ्या हाताकडे बघ आणि हळू घे." हात हलवत हलवत त्यांनी तो ट्रक फाट्यावर घेतला. … माहीतेय, ताई. मीही तेच म्हणाले. मी काय बांधून ठेवू त्यांना?

… सहदेव गेलाच नाही अजून. दवाखान्याच्या पायरीवर बसलाय. क्लीनर आल्याशिवाय गाडी हलवणार नाही म्हणतो. गोदूबाईला चहा नेऊन दिला मघाशी. तिने घेतला.

… उद्याच्या एसटीने? मुलांचं काय करशील?… बरं, ये मग. मलाही बरं वाटेल.

थांब, आले बघ. आप्पा, इकडे… ताई आहे. नाही, तिला खरं वाटत नाहीये, तुम्हीच बोला. हा घ्या. असा धरा.

"हॅलो. अंबू?… हो, मीच… मीच बोलतोय, दुसरं कोण?… हं… हं… ओरड, ओरडून घे… कबूल. नाही जाणार ट्रकच्या मागे… नाही, कुठे दुखत नाही. गुडघा थोडा… तू जेवलीस का?… दुपारपासून पाणीसुद्धा नाही? मग आता आधी घरी जा आणि गरम भात खा… ये ना. पुढच्या बाकावर बस, घाटात तुला मळमळतं… हॅलो?… अंबू?…

काही ऐकू येत नाही, सुनीती. लाइन गेली वाटतं… नको, पुन्हा नको लावायला सांगूस. आवाज ऐकला तिने. जेवेल आता."