तिरकी काठी

लेक – बाबा, दोरीच्या आत येऊ नका म्हटलं ना! आणि खिशात काडेपेटी असेल तर आधी बाहेर ठेवून या.

बाबा – अगं, बावीस वर्षं या जागेवर पेट्रोल विकलं मी. मला काडेपेटी शिकवतेस?

लेक – पंप बंद होऊन नऊ वर्षं झाली. आता हा खड्डा माझा. हे हेल्मेट घाला.

बाबा – घातलं बाई. कसा दिसतो?

लेक – डोक्यावर पातेलं पालथं घातल्यासारखे. आता सांगा, टाकीपासून पेट्रोल भरायच्या मशिनपर्यंतचा पाइप कुठून जायचा?

बाबा – तो ताडपत्री घातलेला ढीग आहे ना, त्याच्या अंगाने सरळ कुंपणाकडे. एवढ्यासाठी बोलावलंस? फोनवर सांगितलं असतं की.

लेक – एवढ्यासाठी नाही. ही माती बघा. हात लावू नका, नुसती बघा.

बाबा – काळी आहे.

लेक – मुळात पिवळी होती. इथे होणाऱ्या दवाखान्याचं तळघर खणायला घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी मशिनवाल्याला वासाने चक्कर आली, म्हणून माती साफ करायला आम्हाला बोलावलं. दहा फुटांवर पाणी लागलंय, आणि त्यावर बोटभर पेट्रोल तरंगतंय. तुम्ही म्हणाला होतात, शेवटच्या महिन्यात पाइप गंजून थोडं गळलं.

बाबा – थोडंच गळलं.

लेक – थोड्याने एवढी माती नासत नाही, बाबा. तीन आठवडे ट्रक भरभरून माती बाहेर नेतोय. पाणी उपसतोय, गाळतोय, आणि सकाळी बघावं तर परत तवंग आलेला.

बाबा – तुमची यंत्रंच बिघडली असतील.

लेक – पाच ठिकाणी भोकं पाडली पाणी तपासायला. पाचवं अगदी कुंपणालगत, त्यातही वास आहे. महिनाभरच गळलं असेल तर मी कुंपणाशी थांबते. जास्त गळलं असेल तर पलीकडे जावं लागेल. पलीकडे काय आहे?

बाबा – काय असणार?

लेक – बाबा.

बाबा – तुझ्या आत्याची विहीर आहे.

लेक – म्हणून तर विचारतेय. किती दिवस गळत होतं?

बाबा – ऊन फार झालंय. जरा सावलीत बसू.

लेक – बसा या डब्यावर. पाणी घ्या. घरून आणलंय, घाबरू नका.

बाबा – रोज सकाळी टाकीत मोजकाठी सोडायचो. ओल कुठवर आली ते बघायचं आणि वहीत लिहायचं. एक दिवस दोन बोटं कमी भरलं. मग रोजच. माझ्या आधीच्या मॅनेजरला मालकाने असल्याच दोन बोटांवरून चोर ठरवून हाकललं होतं. तुझ्या कॉलेजचं नुकतंच ठरत होतं तेव्हा.

लेक – मग?

बाबा – मग मी काठी जरा तिरकी धरायला लागलो.

लेक – तिरकी?

बाबा – तिरकी धरली की ओल वर चढते. माप बरोबर दिसतं. मनाला म्हटलं, उन्हाने उडत असेल. हिवाळा आला तरी उडतच होतं.

लेक – किती दिवस, बाबा?

बाबा – तीन वर्षं.

लेक – अरे देवा! तीन वर्षं? म्हणजे आत्या पंपावर येऊन भांडली, पाण्याला वास येतो म्हणाली, तेव्हा...

बाबा – तेव्हा तिच्या अंगणात गेलो, विहिरीचं ग्लासभर पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायलो. म्हटलं, कसला वास न् कसलं काय, हिचं नाकच नाटकी! सगळे हसले. तिचा नवराही हसला.

लेक – मीही हसले होते.

बाबा – तू पोर होतीस.

लेक – सतरा वर्षांची घोडी होते. खरं सांगा, तुम्हाला वास आला होता?

बाबा – बावीस वर्षं त्या वासात काढली. मला नाही कळणार? पहिल्या घोटालाच कळलं.

लेक – आज तिची विहीर बंद करायचा कागद द्यायचाय. मी देऊन येते. तुम्ही घरी जा.

बाबा – कागद तू दे. बाकीचं मला बोलू दे.

लेक – ती तुमच्याशी बोलत नाही, विसरलात? आतोबा वारले तेव्हाही तुम्ही फाटकाबाहेर उभे राहून परत आलात.

बाबा – चल म्हणतो ना.

(कुंपणापलीकडे आत्याचं अंगण. आत्या कुंड्यांमधलं गवत उपटते आहे.)

आत्या – ये गं पोरी. सकाळपासून डोकं उठवलंय तुझ्या मशिनींनी. आणि हा हेल्मेटवाला कोण?

बाबा – मी आहे.

आत्या – दिसतंय. अजून आंधळी नाही झाले.

लेक – आत्या, आजपासून विहिरीला कुलूप. झाडांनासुद्धा ते पाणी नको. आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यायचीय.

आत्या – माझी कशाला? मी तेव्हापासून ते पाणी तोंडात घेतलं नाही. कोपऱ्यावरच्या नळावरून कळशी आणायची, माझ्यापुरती. बाकीचं घर विहिरीचंच प्यायचं.

बाबा – छोटी, त्या दिवशी मला वास आला होता.

आत्या – ठाऊक आहे.

बाबा – ठाऊक होतं तुला?

आत्या – ग्लास ठेवलास आणि माझ्याकडे न बघता चपला घातल्यास. लहानपणापासून ओळखते रे तुला.

बाबा – नोकरी जाईल म्हणून घाबरलो गं. फार चुकलो. पाया पडतो तुझ्या.

आत्या – गुडघे वाकतात का? उगाच पडशील आणि उचलायला मीच.

बाबा – तुझा नवरा... त्या पाण्यानेच तर नाही ना...

आत्या – नाही. हृदयविकाराने गेले, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ते ओझं घेऊ नकोस. पण मी कळशी उचलली की रोज म्हणायचे, सख्ख्या भावाने पिऊन दाखवलं, तरी हिचं नाटक संपेना. जायच्या आदल्या दिवशीसुद्धा म्हणाले.

बाबा – छोटी, अगं...

आत्या – मला काय सांगतोस, दादा? मला ठाऊकच होतं. त्यांना सांगायचं होतंस.